लोच माशांची सोय तळापासून: नव्याने पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

माझ्या घरी पहिले लोच आले ते गोगलगाई खाण्यासाठी. पाणवनस्पतींबरोबर टाकीत शिरलेल्या बारीक गोगलगाईंनी काचा व्यापल्या होत्या आणि क्लाउन लोच आणले की त्या संपतील, असे मला सांगण्यात आले होते. ते खोटे नव्हते. पाच-पाच सेंटीमीटरची तीन पिल्ले आणली आणि गोगलगाई खरोखरच कमी झाल्या. पण पहिल्या दोन महिन्यांत एक मासा पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराने गेला, दुसऱ्याच्या मिशा झिजून नुसती टोके उरली आणि तिसरा दिवसभर फिल्टरच्या मागे अंग चोरून बसू लागला. या तिन्ही गोष्टींची कारणे मला फार उशिरा कळली आणि ती तिन्ही मासे आणण्याआधीपासूनच टाकीत होती. टाकी नवी होती, तळाला धारदार खडी होती आणि लपायला जागा नव्हती.

लोच हा तळाचा मासा आहे. तो तळाशी अन्न शोधतो, तळाशी झोपतो, आपल्या सोबत्यांशी तळाशीच भांडतो आणि घाबरला की तळातच शिरतो. म्हणून या लेखातील पायऱ्या तळापासून वर अशा क्रमाने आहेत. मासे घरी आणण्याची पायरी सहावी आहे. तिच्याआधीच्या पाच पायऱ्यांना तीन ते साडेचार महिने लागतात आणि तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आधी जमवायच्या वस्तू

- निवडलेल्या जातीला पुरेल इतक्या लांबीची टाकी आणि तिला घट्ट बसणारे झाकण
- गोलसर कणांची बारीक वाळू
- फिल्टर, त्याच्या शोषनळीच्या तोंडावर बसवायचा स्पंज आणि एअर पंप
- हीटर (थंड पाण्याच्या जातींसाठी नको) आणि वेगळा थर्मामीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारे द्रव टेस्ट किट
- क्लोरीन व क्लोरामाइन या दोन्हींचा बंदोबस्त करणारे वॉटर कंडिशनर
- ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचे वाळके लाकूड), गुळगुळीत दगड, पाइपचे तुकडे
- क्वारंटाइनसाठी लहान टाकी आणि तिच्यासाठी स्पंज फिल्टर
- मासे पकडण्यासाठी रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी

यादीत जाळी नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्याचे कारण सातव्या पायरीत आहे.

१. आधी जात ठरवा, मग टाकी घ्या

लोच हे एका माशाचे नाव नाही. या नावाखाली निरनिराळ्या कुळांतील शेकडो जाती येतात आणि त्यांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट असू शकतात. नुसते ‘लोच पाळायचे’ एवढे ठरवून दुकानात जाणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा क्लाउन लोच पडतो, आणि लहान टाकीसाठी त्याहून चुकीची निवड क्वचितच सापडेल.

क्लाउन लोच, म्हणजे क्रोमोबोटिया मॅक्रॅकँथस, हा सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील नद्यांतला मासा आहे. नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे असलेले त्याचे पिल्लू बोटाएवढे दिसते. पण हा मासा २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळल्यास २० वर्षांहून अधिक जगतो. सुरुवातीनंतर त्याची वाढ इतकी संथ होते की तो मोठा होणार आहे, याचाच विसर पडतो. पूर्ण वाढलेल्या पाच माशांच्या गटाला निदान १८० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद टाकी लागते. ‘मासा टाकीच्या मापाने वाढतो’ या समजावर विसंबू नका. अपुऱ्या जागेत आणि साचत जाणाऱ्या घाणीत त्याची वाढ खुंटते, आणि ते आजारपण असते.

पहिल्यांदाच लोच पाळणार असाल, तर माझे मत कुहली लोचच्या बाजूने आहे. सापासारखा लांबट, पिवळसर अंगावर गडद पट्टे असलेला हा मासा ८ ते १० सेंटीमीटरचा होतो. कुहली या नावाने विकले जाणारे बहुतेक मासे प्रत्यक्षात पँजिओ सेमिसिंक्टा या जातीचे असतात, मात्र पाळण्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. सहा कुहलींना ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद तळाची टाकी पुरते. यांच्याहून लहान हवा असेल तर थायलंडचा ड्वार्फ चेन लोच आहे. तो सहा सेंटीमीटरच्या आतच राहतो, दिवसाही बाहेर असतो आणि इतर लोचांच्या तुलनेने मधल्या थरात बराच पोहतो, त्यामुळे त्याला निदान ७५ ते ८० सेंटीमीटर लांबी द्यावी.

योयो लोच (१५ सेंटीमीटरच्या आसपास) आणि झेब्रा लोच (९ सेंटीमीटरच्या आसपास) हे दोघे बोटिया प्रजातीतले आहेत. योयो खेळकर पण दांडगा आहे, त्याला १२० सेंटीमीटरची टाकी हवी. झेब्रा त्यामानाने शांत आहे. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायटा, पश्चिम घाटातील नद्यांखेरीज जगात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद धोक्यात आलेली जाती म्हणून आहे. तेव्हा समोरचा मासा नदीतून पकडलेला आहे की पैदाशीतला, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरी जात निवडा.

वेदर लोच आणि हिलस्ट्रीम लोच यांचा विचार मात्र पूर्णपणे वेगळा करावा लागतो, कारण दोघांनाही उबदार पाणी मानवत नाही. वेदर लोचला १५ ते २२ अंश सेल्सिअस आणि हिलस्ट्रीम लोचला २० ते २४ अंश तापमान, शिवाय जोरदार प्रवाह लागतो. क्लाउन लोचला २६ ते २९ अंश लागतात. हे मासे एका टाकीत ठेवले, तर त्यांतल्या एकाला कायम त्रासच होणार. तुमच्या घरातले पाणी उन्हाळ्यात २८ अंशांच्या वर जात असेल आणि ते थंड करण्याची सोय नसेल, तर या दोन्ही जाती घेऊ नका.

२. तळाला वाळूच घाला

लोचच्या तोंडाभोवती मिशांच्या जोड्या असतात. अन्न डोळ्यांनी दिसण्याआधी ते त्याला या मिशांनी कळते, कारण त्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. तो दिवसभर तळ चाचपत, कण तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे बाहेर टाकत फिरतो. तळाशी तुटक्या कडांची खडी असेल तर या मिशा आधी लाल होतात, मग झिजतात, जखमांत जिवाणू शिरतात आणि मासा अन्न शोधण्याचे साधनच गमावतो. दुकानातली रंगीत खडी दिसायला गुळगुळीत असते, पण एकेक खडा बोटांत फिरवून पाहिला की कडा हाताला लागतात.

वाळू निवडण्याची माझी रीत साधी आहे. मूठभर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूवर ठेवून दुसऱ्या हाताने दाबून चोळायची. कातडीवर ओरखडे उठले किंवा चुरचुरले, तर ती वाळू लोचसाठी नाही. कण साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक आणि गोलसर असावेत. बादलीत वरचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दहा-बारा वेळा तरी पाणी बदलावे लागते. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले, तर तिच्यात शंखशिंपल्यांचा किंवा चुनखडीचा अंश आहे आणि ती पाणी जड करत राहील.

थर तीन ते पाच सेंटीमीटरचा ठेवा. कुहली डोळे तेवढे बाहेर ठेवून संपूर्ण अंग वाळूत पुरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पाच सेंटीमीटर चांगले. याहून खोल थरात ऑक्सिजन पोहोचत नाही आणि कुजकट वासाचा वायू साठतो. सोंड्याने, म्हणजे सायफनने, वाळू उपसू नका. नळी वाळूच्या किंचित वर धरून फिरवली की घाण तेवढी ओढली जाते.

३. लपण्याच्या जागा माशांच्या संख्येहून अधिक द्या

लपायला जागा दिली तर मासे दिसणारच नाहीत, अशी भीती नवशिक्यांना वाटते आणि म्हणून ते टाकी मोकळी ठेवतात. अनुभव नेमका उलटा येतो. जवळ आडोसा आहे याची खात्री असलेला लोच बिनधास्त बाहेर फिरतो. आडोसा नसलेला एखाद्या कोपऱ्यात फिकट पडून बसतो. माझ्या टाकीत दोनाच्या सात गुहा केल्या, तेव्हा आठवडाभरात दिवसाउजेडी मासे दिसू लागले.

लोचना ऐसपैस गुहा आवडत नाही. अंगाला दोन्ही बाजूंनी भिंत टेकेल अशी फट त्यांना हवी असते आणि तिच्यात ते एकमेकांवर रचून बसतात. ड्रिफ्टवूडखालच्या पोकळ्या, एकमेकांना टेकवलेले चपटे दगड, पीव्हीसी पाइपचे वेगवेगळ्या व्यासाचे तुकडे, उलटे ठेवलेले मातीचे कुंडीतुकडे हे सगळे चालते. पाइपच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा. दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू भरा, कारण लोच खाली उकरतात आणि वाळूवर उभा केलेला दगड त्यांच्यावर कलंडतो.

एक सापळा इथे आहे. पिल्लू असताना ज्या भोकातून मासा सहज जातो, त्याच भोकात तो वर्षभराने अडकतो. सजावटीच्या पोकळ मूर्तींच्या खिडक्या आणि ड्रिफ्टवूडची आरपार छिद्रे दर सहा महिन्यांनी पाहा. मासा जेमतेम शिरेल असे भोक दिसले तर एकतर मोठे करा, नाहीतर बुजवा.

वनस्पतींमध्ये जावा फर्न आणि अनुबियास सर्वांत बिनतक्रार टिकतात, कारण त्या मातीत न लावता लाकडाला बांधायच्या असतात आणि लोचच्या उकरण्याने उपटल्या जात नाहीत. पृष्ठभागावर थोड्या तरंगत्या वनस्पती ठेवल्या की दिव्याचा प्रकाश मंदावतो. क्लाउन लोच मऊ पानांना गोल भोके पाडतात, ते गृहीत धरा.

४. पाणी, प्रवाह आणि झाकण

उष्ण पाण्याच्या बहुतेक लोचांसाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ६ ते ७.५ पीएच ठीक असतो. आकडा नेमका गाठण्यापेक्षा तो स्थिर ठेवणे महत्त्वाचे आहे. पीएच खाली-वर करणारी रसायने रोज ओतून ‘आदर्श’ पाणी बनवण्याच्या नादात मासे गेलेले मी पाहिले आहेत.

क्लाउन, योयो, झेब्रा हे वाहत्या नद्यांतले मासे आहेत. त्यांच्यासाठी फिल्टर असा निवडा की तो ताशी टाकीच्या आठ ते दहा पट पाणी फिरवेल. कुहलींना मंद प्रवाह पुरतो. फिल्टरच्या शोषनळीवर स्पंज लावणे कुहलींच्या बाबतीत अत्यावश्यक आहे. माझी एक कुहली तीन आठवडे बेपत्ता होती. मेली असे समजून मी शोध सोडला होता. महिन्याच्या सफाईसाठी कॅनिस्टर फिल्टर उघडला, तेव्हा तळाच्या गाळात ती जिवंत वळवळत होती. नळीच्या खाचांतून ती आत ओढली गेली होती आणि गाळातले कण खाऊन जगली होती. प्रत्येकीचे नशीब असे नसते.

झाकणाबाबत तडजोड करू नका. लोच उड्या मारतात, विशेषतः पहिल्या काही रात्री, आणि कुहली तर हीटरची वायर जाते त्या फटीतूनही बाहेर पडते. वायरींच्या जागा स्पंजचे तुकडे कापून बुजवा.

५. टाकीचे सायकलिंग पूर्ण होऊ द्या

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत, तिसरा त्यामानाने कमी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी वाढायला, म्हणजेच सायकलिंग पूर्ण व्हायला, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून अमोनियाचा स्रोत (उदाहरणार्थ, चिमूटभर माशांचे खाद्य) द्या, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

सायकलिंग झालेल्या टाकीतही पहिले रहिवासी लोच नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी काटक लहान मासे आणा, दोन-तीन महिने जाऊ द्या, वाळूवर आणि लाकडावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरू द्या. हिलस्ट्रीम लोच तर याच थरावर चरतो. कोऱ्या टाकीत तो भरपूर खाद्य घालूनही उपाशी राहतो.

६. खरेदी: गट घ्या आणि अंगाने भरलेले मासे घ्या

एकटा किंवा दुकटा लोच कधीही घेऊ नका. क्लाउन, योयो आणि झेब्रा निदान पाच, कुहली निदान सहा, ड्वार्फ चेन जमल्यास आठ. लोचांमध्ये वरचा-खालचा असा क्रम असतो आणि तो ठरवण्यासाठी ते सतत एकमेकांना ढोसतात. पाच-सहा मासे असतील तर हा जाच विभागला जातो. दोनच असतील तर सगळा एकाच्या वाट्याला येतो आणि तो खाणे सोडतो.

दुकानात टाकीसमोर दहा मिनिटे थांबा. ज्या टाकीत एकही मासा मेलेला किंवा ठिपक्यांचा असेल, तिथून काहीही घेऊ नका. माशाच्या डोक्यामागे वरून पाहा. पाठ गोलाकार भरलेली असावी. डोके मोठे आणि मागचे अंग सुरीच्या पात्यासारखे दिसत असेल तर त्याच्या पोटात परजीवी असण्याची शक्यता मोठी आहे. नदीतून पकडून आणलेल्या क्लाउन लोचमध्ये हे वारंवार दिसते. मिशा शाबूत आहेत का, तेही पाहा. शक्य असल्यास मासे दुकानात येऊन दोन आठवडे झालेलेच घ्या.

नावाची खात्री करा. ‘शेवाळ खाणारा लोच’ म्हणून कधीकधी चायनीज अल्गी ईटर दाखवला जातो. तो लोच नाही आणि मोठा झाल्यावर इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांना हैराण करतो.

७. हाताळणी आणि क्वारंटाइन

क्लाउन लोचच्या मॅक्रॅकँथस या नावाचा अर्थ ‘मोठ्या काट्याचा’ असा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांखाली खाचेत मिटलेला एक काटा असतो आणि मासा घाबरला की तो उघडून ताठ होतो. बोटिया आणि त्याच्या जवळच्या सर्व लोचांना हा काटा असतो, कुहलींनाही बारीक असतो. जाळीने पकडले की काटा धाग्यात रुततो. मासा जितका तडफडतो तितका तो अधिक गुंततो, आणि ओढून सोडवायला गेले तर डोळ्याखालची कातडी फाटते. अशा वेळी मासा पाण्याखालीच ठेवून बारीक कात्रीने जाळीचे धागे कापावेत. जाळी नवी आणता येते. म्हणूनच लोच पकडायला बरणी वापरावी. बरणी तळाला आडवी धरून दुसऱ्या हाताने माशाला हळूहळू तिच्याकडे वळवा. दुकानातही हाच आग्रह धरा आणि मोठे मासे दुहेरी पिशवीत मागा, कारण काटा पिशवीलाही भोक पाडतो.

घरी आणल्यावर दिवे बंद ठेवा. पिशवी क्वारंटाइन टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगू द्या, मग पाऊण तासात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासे बरणीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

क्वारंटाइन तीन ते चार आठवड्यांचे असावे. टाकी साधी असली तरी चालेल, पण तळाला पातळ वाळू आणि दोन-तीन पाइप हवेतच. उघड्या काचेवर ठेवलेला लोच घाबरूनच आजारी पडतो. पहिले तीन-चार दिवस त्यांनी खाल्ले नाही तर काळजी नको.

८. खाणे

लोच उरलेसुरले खाऊन राहतात, तळ साफ करतात, त्यांना वेगळे घालावे लागत नाही, हा समज मोडून काढा. वरच्या माशांनी सोडलेल्या कणांवर लोच हळूहळू वाळत जातो. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या किंवा चकत्या, गोठवलेल्या रक्तअळ्या, डॅफ्निया आणि आर्टेमिया, तसेच उकळत्या पाण्यातून काढलेल्या काकडीचे काप आलटून पालटून द्या. क्लाउन लोच काकडीचा गर खाऊन सालीचे कडे तेवढे ठेवतात. काप २४ तासांच्या आत बाहेर काढा.

घालण्याची वेळ दिवा मालवल्यानंतरची ठेवा. वरचे मासे शांत झाले की १५ मिनिटांनी गोळ्या दोन-तीन ठिकाणी टाका. एकाच ठिकाणी टाकल्या तर गटातला दादा मासा ढिगावर बसून राहतो. अंधाऱ्या खोलीत टाकीजवळ थांबलात, तर गोळ्या तळाला लागल्यावर थोड्याच वेळात लाकडाखालून मिशा आधी बाहेर येतात, मग एकापाठोपाठ डोकी. क्लाउन लोच खात असताना बोटे मोडल्यासारखा टक्-टक् आवाज काचेबाहेर ऐकू येतो. हा आवाज ते खाताना आणि एकमेकांना हुसकावताना करतात. काच तडकली की काय म्हणून घाबरू नका.

गोगलगाईंविषयी एवढेच की लोच त्या खातात, पण त्या वाढल्या असतील तर मूळ कारण जास्तीचे अन्न असते. गोगलगाई कमी करण्यासाठी २० वर्षे जगणारा मासा आणू नका, अन्न कमी करा. शोभेच्या गोगलगाई पाळल्या असतील तर बोटिया कुळातले लोच (क्लाउन, योयो, झेब्रा) त्याही सोडत नाहीत.

९. सोबती

रासबोरा, शांत बार्ब आणि मध्यम आकाराचे टेट्रा बहुतेक लोचांबरोबर चांगले राहतात. लांब परांचे आणि संथ मासे, म्हणजे बेटा, पिसाऱ्याचे गप्पी, एंजल, यांना योयोबरोबर ठेवू नका. परांचे तुकडे होतात. लहान कोळंबी कुहलींच्या टाकीत बहुधा सुरक्षित राहते, बोटिया गटाच्या टाकीत राहत नाही. तळाशी हद्द राखणारे सिक्लिड मासे टाळा. स्कंक लोच नावाचा लहान लोच दुकानात स्वस्तात आणि सहज मिळतो, पण तो स्वभावाने तापट असून इतर लोचांचेही लचके तोडतो.

१०. पांढरे ठिपके आणि औषधे

लोचचे खवले अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, काहींच्या अंगावर ते जवळजवळ नसतातच. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार त्यांना चटकन होतो आणि औषधांचा त्रासही लवकर होतो. या दोन्ही बाजू लक्षात ठेवून उपचार करावे लागतात.

अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे दिसणारे ठिपके म्हणजे इकथियोफ्थिरियस नावाच्या परजीवीची एक अवस्था. माशाचे अंग सोडल्यावर हा परजीवी तळाशी कोष करतो, कोषातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात आणि पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तळाशी कोष शिल्लक असतात आणि आठवड्याभरात आजार दुपटीने परततो. माझा पहिला मासा याच चुकीने गेला.

क्लाउन, कुहली, योयो यांच्या टाकीत तापमान दिवसाला एक ते दोन अंश या गतीने ३० अंशांपर्यंत न्या. त्याने परजीवीचे चक्र वेगाने फिरते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध वापरायचे तर लोचसाठी बाटलीवर वेगळे प्रमाण दिले आहे का ते वाचा. दिले नसेल तर निम्म्या मात्रेने सुरुवात करा आणि फिल्टरमधील कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. तांब्याची औषधे वापरू नका. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही एक आठवडा उपचार चालू ठेवा. वेदर आणि हिलस्ट्रीम लोचच्या टाकीत तापमान वाढवण्याचा उपाय करू नका, तो आजाराआधी माशालाच मारतो.

नीट खाणारा मासाही वाळत चालला असेल तर पोटातील कृमींचा संशय घ्या. त्यावर लेवामिसोलसारखी औषधे आहेत, पण मात्रा पाण्याच्या मापावर अवलंबून असल्याने ती माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या.

११. रोज काय पाहावे

दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचे तापमान आधी जुळवा. पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, क्लोरामाइन जात नाही, म्हणून कंडिशनर घालाच. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा त्याखाली राहील इतपत पाणी बदलत राहा. जुन्या टाकीत ते हळूहळू चढते आणि लोच इतरांआधी मलूल होतात.

काही गोष्टी दिसल्या तर धावपळ करू नका. लोच कुशीवर, कधी पाठीवर पडून झोपतो. मी पहिल्यांदा असा आडवा मासा पाहिला तेव्हा तो मेला असे समजून बरणी घेऊन गेले, आणि बरणी पाण्याला लागताच तो निघून गेला. भांडताना बोटिया गटातले मासे काही मिनिटे करडे पडतात आणि नंतर रंग परत येतो. वातावरणाचा दाब बदलला की वेदर लोच काचेवर वरखाली सैरभैर धावतात. ते अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवाही गिळतात, कारण त्यांना आतड्यातून श्वास घेता येतो.

काळजी करण्यासारखी लक्षणे वेगळी आहेत. गटातला एकच मासा सतत एकटा आणि फिकट राहणे, दगडांवर अंग घासणे, कल्ले भराभर हलणे, मिशांची टोके लाल दिसणे, किंवा सगळा गट एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर औषधाच्या बाटलीकडे जाण्याआधी टेस्ट किट काढा आणि अमोनिया व नायट्राइट मोजा. दोन्हींपैकी एकही शून्याच्या वर असेल, तर त्याच वेळी निम्मे पाणी बदला, त्या दिवशी अन्न देऊ नका आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा.